तिसरी फेरी

हॅरो,
३ सप्टेंबर २०२३

चि. माधवास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. फोनवर तुझं बोलणं मला आता मुळीच कळत नाही. कानातलं मशीन बदललं तरी शिट्टीच वाजते, तेव्हा तू कागदावर भेटतोस तेच बरं. अक्षर मात्र अजून डॉक्टरचंच आहे. तुला नक्की काय दुखतंय ते तीनदा वाचल्यावर कळलं की गुडघा.

मुख्य बातमी अशी की गेल्या शनिवारी तुझी लेक येऊन गेली. मेट्रोपॉलिटन लाइन बंद होती, म्हणून रेल रिप्लेसमेंट बसमधून दीड तास धक्के खात आली आणि दारातच म्हणाली की अटलांटिक परवडला. अंगात जीन्स आणि विटका स्वेटर. शेजारच्या पटेलबाईंना मी सांगितलं की ही माझी भाची आसावरी, नौदलात कॅप्टन आहे, तर त्यांना वाटलं की फेरीबोटीवर तिकिटं तपासते.

तर आपल्या तिकीट तपासनिसाला जहाज मिळालंय. एचएमएस पेनहॅलो. एकशे नव्वद माणसं, आणि त्या सगळ्यांच्या वर ही. पंचवीस वर्षं झाली रे ती रॉयल नेव्हीत जाऊन. पहिल्या जहाजावर अकरा दिवस ओकत होती, ते तिनं मला लिहिलं होतं, तुला नव्हतं लिहिलं. मग ती नॅव्हिगेटर झाली, जहाजाची वाट आखणारी. मग सुरुंग काढणारी एक लहान नौका तिच्या ताब्यात आली. मग लंडनच्या ऑफिसात तीन वर्षं फायली चाळल्या, तेव्हा दर रविवारी इथे जेवायला यायची आणि खिडकीतून बाहेर बघत बसायची. त्या तीन वर्षांत ती जेवढी कोमेजली होती तेवढी मी तिला तिची आई गेली तेव्हाही पाहिली नव्हती. परवा मात्र चेहरा असा होता की काय सांगू. कोशिंबिरीला काकडी चोचवताना मला जहाजाची इंजिनं समजावून सांगत होती. मला ऐकू एक अक्षर आलं नाही, पण मी मान डोलावत राहिले.

तीस तारखेला प्लिमथला घरच्या माणसांसाठी जहाज उघडं ठेवणार आहेत. तिनं दोन पास आणलेत. एक माझ्या हातात दिला. दुसरा टेबलावर ठेवून म्हणाली की बाबांना तूच विचार, मी विचारलं की नाही म्हणायला त्यांना सोपं जातं.

म्हणून विचारतेय. येतोस का? तुला गाडीत पुढची सीट देईन. जीव तर तुझ्यावर आहेच, तो पत्रात वेगळा लिहीत नाही.

तुझी,
ताई


लीड्स,
११ सप्टेंबर २०२३

ती. ताईस,
माधवचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं, पासही मिळाला. पास परत पाठवतोय, दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल. पटेलबाईंना घेऊन जा, म्हणजे त्यांचा तिकिटांचा गैरसमज दूर होईल.

कारण तुला ठाऊक आहे, तरी दर वेळी तू ते माझ्याकडून वदवून घेतेस. आपले आण्णा वीस वर्षांचे होते. सेहेचाळीस साली मुंबईत नौसैनिकांनी संप केला, त्यात कुलाब्याच्या वायरलेस शाळेतला हा पोरगाही होता. इंग्रजांच्या आरमारानं त्यांना काढलं, घरापर्यंतचं तिकीट हातावर ठेवलं आणि विषय संपवला. ज्या माणसाला डोळे मिटून तारेची भाषा कळायची, त्यानं पुढे अलिबागच्या लाकडाच्या वखारीत चाळीस वर्षं कारकुनी केली. आणि आता त्याच आरमाराच्या जहाजाची शिडी मी चढायची, आणि वरच्या टोपीवाल्यानं मला सलाम करायचा? आण्णांना मी काय तोंड दाखवू?

आसावरीचं मला कौतुक नाही असं समजू नकोस. गेल्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मिलिंद करमरकर मला विचारत होते की मुलगी काय करते, तेव्हा मी पाच मिनिटं बोलत होतो. पण मंडळात बोलणं वेगळं आणि तिथे जाऊन उभं राहणं वेगळं.

आणि हो, पहाटे रेडिओवर समुद्राच्या हवामानाचं बुलेटिन मी ऐकतो हे तिला सांगायची गरज नाही. बागेसाठी ऐकतो. लीड्सला समुद्र नाही हे मला माहीत आहे, तसं लिहू नकोस.

रागावू नकोस. रागावलीस तरी पत्र थांबवू नकोस, एवढं मागणं.

तुझा,
माधव


प्लिमथ,
२ फेब्रुवारी २०२४

ती. आत्या,
शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तू टीव्हीवर आमचं जहाज बघितलंस आणि घाबरलीस असं कळलं. मी ठीक आहे. काय झालं ते तुला मराठीत सांगते, कारण इंग्लिशमध्ये हे स्टेटमेंटसाठी इतक्या वेळा लिहून झालंय की आता ते दुसऱ्याच कुणाचं वाटतं.

एकोणीस जानेवारीला सकाळी अकराच्या सुमारास बिस्केच्या उपसागरात आम्हाला मेडे कॉल आला, म्हणजे बुडत्याची हाक. एक कार्गो शिप, इंजिनरूममध्ये आग, तेवीस माणसं. आम्ही सगळ्यात जवळ होतो, तरी पोचायला तास लागला. लाटा तुझ्या घराच्या छपराएवढ्या. आमचं हेलिकॉप्टर त्या आठवड्यात दुरुस्तीला जमिनीवर होतं. स्पेनकडे मागितलं, ते म्हणाले ढग फार खाली आहेत, दीड तास तरी लागेल.

रेडिओवर त्यांचा सेकंड ऑफिसर होता. त्यांचा कॅप्टन धुरानं बेशुद्ध झालेला. ह्याचं इंग्लिश चांगलं होतं, पण भीतीनं शब्द एकमेकांत अडकत होते, आणि मध्येच तो मागे वळून कोणावर तरी ओरडला, मराठीत, की अरे दोर सोडू नको. आत्या, जिथून जहाज चालवतो त्या माझ्या ब्रिजवर पंधरा माणसं उभी होती आणि मला एकटीला ते कळलं. मी सरळ मराठीत बोलायला लागले. त्याला वाटलं धूर डोक्यात गेला. मग त्यानं हळूच विचारलं की ताई, तुम्ही कुठल्या? जहाज जळतंय आणि त्याला माझं गाव पाहिजे! मी म्हटलं लीड्सची, पण आजोबा अलिबागचे. तो म्हणाला मी नंदू, गुहागरचा. त्यानंतर त्याचा आवाज बदलला. किती माणसं डेकवर, किती आत, आग कुठे, तेलाची टाकी कुठे, सगळं त्यानं एकेक करून सांगितलं.

प्लॅन साधा होता. आमची रबरी कडांची बोट खाली सोडायची, त्यांच्या शिडीखाली न्यायची, माणसं घ्यायची, परत यायचं. सुकाणूवर पेटी ऑफिसर ग्वेन प्रायस. स्वान्सीची, एकोणचाळीस वर्षांची, दोन मुली आहेत. तिच्यासारखी बोट माझ्या जहाजावर कोणी चालवत नाही. पहिल्या फेरीत नऊ माणसं आली, दुसऱ्या फेरीत आठ. सहा राहिली. नंदू त्या सहात.

तेव्हा वारा वाढला, आणि स्पेनवाले अजूनही दीड तासच म्हणत होते. माझा सेकंड-इन-कमांड हॅमंड कानाशी येऊन म्हणाला की मॅम, मला वाटतं थांबावं, समुद्र बोटीच्या आवाक्याबाहेरचा झालाय, हेलिकॉप्टर येऊ दे. आणि रेडिओवर नंदू सांगत होता की टाकीच्या भिंतीचा रंग फुगायला लागलाय. मी ग्वेनला विचारलं, जमेल का. ती म्हणाली, जमेल. मी पाठवलं.

सहाही जण आले. पण बोट परत आमच्या जहाजाला लागताना एक लाट आडवी आली. ग्वेनचा उजवा पाय बोट आणि जहाज यांच्यामध्ये चिरडला. गुडघ्याखाली कापावा लागला.

आणि आता ऐक. हेलिकॉप्टर दीड तासानं नाही, त्यानंतर चाळीस मिनिटांत आलं. ढग अचानक उघडले. टाकी फुटलीच नाही. आग संध्याकाळी आपोआप विझली आणि ते जहाज ओढून बंदरात नेलं. म्हणजे ती सहा माणसं तिथेच थांबली असती तरी बहुतेक वाचली असती.

सत्तावीस तारखेला पोर्ट्समथला चौकशी आहे. हॅमंडनं मला थांबा म्हटलं होतं, ते त्याच्या स्टेटमेंटमध्ये त्यानं लिहिलंच नाही. मला वाचवायला. ब्रिजवर इतका आवाज होता की दुसऱ्या कोणी ऐकलं नाही, जहाजाच्या लॉगमध्येही त्याची नोंद नाही. माझा वकील म्हणतो की तो बोलत नाही तर तुम्ही कशाला बोलता. माणूस वाईट नाही, माझ्या भल्याचंच सांगतो. ह्या वर्षी प्रमोशनच्या लिस्टवर माझं नाव आहे असं सगळे म्हणतात. ग्वेन मला भेटायला तयार नाही.

पाठवायचं ही माझी निर्णय होती, आत्या. तेवढंच मला नक्की माहीत आहे. बाबांना सांगू नकोस.

तुझी माया असू दे. सध्या नेहमीपेक्षा जरा जास्त लागेल.

तुझी,
आसू


हॅरो,
८ फेब्रुवारी २०२४

चि. माधवास,
आशीर्वाद.

ती म्हणाली बाबांना सांगू नकोस, म्हणून मी काहीच सांगत नाही. तिचं पत्रच सोबत ठेवलंय. आधी ते वाच, मग हे.

वाचलंस? तिनं 'माझी निर्णय' लिहिलंय. लहानपणापासून तिचं एकही पत्र मी लाल पेनानं दुरुस्त केल्याशिवाय ठेवलेलं नाही. निर्णय तो, ती नाही, हे तिला हजारदा सांगून झालंय. ह्या वेळी पेन हातात घेतलं आणि परत ठेवून दिलं.

आता तुझ्याशी बोलायचं आहे, आणि तू चिडलास तरी बोलणार आहे. अठ्ठ्याण्णव साली नेव्हीत जाण्याआधी ती आण्णांना भेटायला अलिबागला गेली होती. मी बरोबर होते. तुला कधी सांगितलं नाही, कारण तेव्हा तू तिच्याशीही बोलत नव्हतास आणि माझ्याशीही. तुला वाटतं आण्णा दुखावले असते. अरे, आण्णा चार दिवस त्या पोरीला सोडायला तयार नव्हते. जेवणाच्या टेबलावर बोटांनी ठकठक करून तिला तारेची अक्षरं शिकवत होते. मी भीत भीत विचारलं की तुम्हाला ह्याचं काही वाटत नाही का, तर म्हणाले की संप आम्ही समुद्राविरुद्ध केला नव्हता, वाईट अन्न आणि शिवीगाळ याविरुद्ध केला होता. ही तिथे गेली आणि तिनं माणसांना नीट जेवू घातलं, नीट वागवलं, की माझं काम झालं.

तेव्हा आण्णांचं नाव पुढे करून तू इतकी वर्षं जे चालवलंस, ते आण्णांचं नव्हतं रे. तुझी रश्मी जाऊन दोनच वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी होती आणि ती पाण्यावर निघाली होती. तू घाबरला होतास. घाबरण्यात लाज नाही. ते दुसऱ्याच्या नावावर खपवण्यात आहे.

सत्तावीस तारखेला ती एकटी त्या खोलीत जाणार आहे. तू डॉक्टर आहेस, अशा खोल्या तू पाहिल्यास. मला तिला काय लिहावं ते सुचत नाही. तुला सुचेल.

एवढं कडू लिहून शेवटी गोड काय लिहिणार? तब्येत सांभाळ.

ताई


लीड्स,
१६ फेब्रुवारी २०२४

चि. आसावरीस,
अनेक आशीर्वाद.

माझं पत्र बघून तुला आश्चर्य वाटेल. तुझ्या आत्यानं तुझं पत्र मला पाठवलं. तिच्यावर रागावू नकोस. मी तीन दिवस तिच्यावर रागावून पाहिलं, जमलं नाही.

तू काय करावंस ते मी सांगणार नाही. तो हक्क मी पंचवीस वर्षांपूर्वी घालवला. मी काय केलं तेवढं सांगतो. हे तुझ्या आईलाही माहीत नव्हतं.

एकोणनव्वद साली, एका लहान हॉस्पिटलात, मी एका बाईंना भूल दिली होती. शाळेत भूगोल शिकवायच्या. बावन्न वर्षांच्या. ऑपरेशन लांबलं, रक्तदाब खाली यायला लागला. सर्जन पुढे जायचं म्हणत होते. सिस्टर ब्रेनन म्हणून एक आयरिश बाई माझ्या शेजारी होत्या. त्या मला हळूच म्हणाल्या की डॉक्टर, थोडं थांबू या. मला वाटलं मी सांभाळीन. मी थांबलो नाही. बाई वाचल्या, पण मेंदूला काही मिनिटं रक्त कमी पडलं. नंतर त्यांना शब्द आठवायचे नाहीत. त्या पुन्हा शाळेत गेल्या नाहीत.

चौकशी झाली. मला विचारलं की त्या वेळी कुणी वेगळं मत दिलं होतं का. मी नाही म्हणालो. सिस्टर ब्रेनन तिथेच बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. मी निर्दोष सुटलो. पुढे अकरा वर्षं आम्ही एकाच हॉस्पिटलात काम केलं. रोज कॉरिडॉरमध्ये त्या मला गुड मॉर्निंग म्हणायच्या आणि रोज मी घड्याळाकडे बघायचो.

मी पुढे चांगला डॉक्टर झालो, असं लोक म्हणतात. कदाचित झालोही असेन. पण लोकांनी कौतुक केलं की मला अजून मागे वळून बघावंसं वाटतं, ते कुणाचं बोलताहेत म्हणून.

तुझा प्रसंग आणि माझा प्रसंग एक नाहीत. तू सहा माणसं आणलीस. तरी हे तुला माहीत असावं असं वाटलं.

आणखी एक. तू नेव्हीत गेलीस तेव्हा मी आण्णांचं कारण पुढे केलं. ते खरं नव्हतं. खरं इतकंच होतं की तुझी आई गेल्यावर घरात तुझ्या चपलांचा आवाज उरला होता.

तुझा लोभ मागायचा अधिकार नाही, तरी मागतो.

बाबा


पोर्ट्समथ,
१ मार्च २०२४

ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही पत्ता जहाजाचा लिहिलात आणि मी होते पोर्ट्समथला, म्हणून तुमचं पत्र सत्तावीस तारखेला संध्याकाळी हातात पडलं. चौकशी सकाळीच झाली होती. त्यामुळे आधी काय झालं ते सांगते.

लांब टेबल, पलीकडे तीन ऑफिसर्स. चार तास प्रश्न. हॅमंड माझ्या मागच्या खुर्चीवर बसला होता. वेगळा सल्ला कोणी दिला का, असं त्यांनी विचारलंच नाही. सगळं संपल्यावर अध्यक्ष सहज म्हणाले की कॅप्टन, आणखी काही सांगायचं आहे का. वकिलानं माझ्याकडे बघून बारीक मान हलवली. मी उभी राहिले आणि सांगितलं की तिसऱ्या फेरीच्या आधी लेफ्टनंट कमांडर हॅमंड यांनी मला थांबायला सांगितलं होतं, स्पष्ट शब्दांत. ते त्यांनी माझ्यासाठी लिहिलं नाही, आणि त्यांच्या सर्व्हिस रेकॉर्डवर त्याचा डाग पडू नये अशी माझी विनंती आहे. मागे खुर्ची करकरली. मी वळून बघितलं नाही.

मग अध्यक्षांनी विचारलं की म्हणजे तुमचं चुकलं असं तुम्हाला वाटतं का. मी म्हटलं, आज जे माहीत आहे ते तेव्हा माहीत असतं तर पाठवलं नसतं. तेव्हा जे माहीत होतं त्यावर परत पाठवीन. आणि ह्या दोन्ही उत्तरांनी पेटी ऑफिसर प्रायसचा पाय परत येत नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, थँक यू.

बाहेर कॉरिडॉरमध्ये हॅमंड माझ्यावर इतका ओरडला की एक शिपाई दार उघडून बघायला आला. मग तो रडला. मग आम्ही दोघांनी मशीनची वाईट कॉफी प्यायली.

खोलीवर आले तर तुमचं पत्र. बाबा, मी तुमचं ऐकून केलं नाही, हे मला आवडलं. तुम्हालाही आवडेल असं वाटतं. पण आदल्या दिवशी ते मिळालं असतं तर रात्री झोप लागली असती.

सिस्टर ब्रेनन अजून आहेत का? मी सहज विचारतेय, ऑर्डर देत नाहीये.

चपलांबद्दल मला काही लिहिता येत नाही. ते वाक्य मी चार वेळा वाचलं.

लोभ मागायला लागत नाही, बाबा. तो पोस्टात अडकला होता.

आसावरी


हॅरो,
१९ मे २०२४

चि. आसूस,
खूप खूप आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी पोचली. एवढ्या मोठ्या निकालाला अवघ्या तीन ओळी! पाठवण्याचा निर्णय त्या वेळच्या माहितीवर योग्य ठरला, सल्ला मिळाल्याची नोंद केली नाही म्हणून ठपका आला, आणि प्रमोशनच्या लिस्टवर नाव नाही. हॅमंडला काही झालं नाही हे तू अधोरेखित केलंयस, बाकी काही नाही. जहाज तुझ्याकडेच आहे ना? मग मला पुरे. पटेलबाईंना मी सगळं सांगितलं, त्या म्हणाल्या की अशा माणसाच्या बोटीत मी डोळे मिटून बसेन. तिकिटाचं त्या आता बोलत नाहीत.

तू स्वान्सीला तीनदा गेलीस आणि ग्वेनच्या घरासमोर गाडीत बसून परत आलीस हे वाचून मात्र जिवाला लागलं. तिनं भेटायला नाही म्हटलंय ना? मग तो तिचा हक्क आहे. तू पत्र पाठवतेस तेवढं पाठवत राहा. तिच्या मुलींचे वाढदिवस लक्षात ठेवतेस, नव्या पायाच्या ट्रीटमेंटमागे लागतेस, ते कर. पण दारात जाऊन बसू नकोस. माफी कुणाच्या फाटकाशी उभं राहून वसूल करता येत नाही.

तुझे बाबा मागच्या आठवड्यात इलक्लीला कुणाला तरी भेटायला गेले होते. कुणाला ते मला सांगत नाहीत. आल्यापासून पत्रातलं अक्षर वाचता येतं.

खात जा. माझा हात तुझ्या डोक्यावर आहे असं समज.

आत्या


प्लिमथ,
२९ जून २०२५

ती. ताईस,
माधवचा नमस्कार.

तुझ्या खुब्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी प्रवासाला नको म्हटलं, तू जहाजाला मुकलीस, म्हणून सगळं जसंच्या तसं लिहितो. हॉटेलच्या खिडकीत बसून लिहितोय, समोर पाणी आहे.

काल आसावरीनं जहाज नव्या कॅप्टनच्या हवाली केलं. सकाळी दहाला मी शिडी चढलो. गुडघ्यामुळे दोनदा थांबलो. वर पोचल्यावर एका मुलीनं शिट्टी फुंकली आणि सगळे ताठ उभे राहिले. माझ्यासाठी नाही ग, माझ्या मागून त्यांचे कोणी अ‍ॅडमिरल येत होते. पण मी मधोमध उभा असल्यामुळे सलाम मलाच मिळाला. अ‍ॅडमिरल हसले आणि म्हणाले की तुमचा आधी.

हॅमंड भेटला. उंच, लाजाळू माणूस. त्यानं मला सगळं जहाज दाखवलं. मी जाईन तिथे लोक थांबून काहीतरी सांगत होते. एक स्वयंपाकी म्हणाला की कॅप्टन दर गुरुवारी आमच्यात रांगेत उभ्या राहून जेवतात आणि भात कच्चा असला तर तोंडावर सांगतात. इंजिनरूममधल्या एकानं सांगितलं की त्याची आई आजारी होती तेव्हा कॅप्टननी त्याला स्वतः फोन लावून दिला आणि दार बंद करून बाहेर उभ्या राहिल्या. मला पंचवीस वर्षांचं एका दिवसात ऐकायचं होतं, म्हणून मी कुणाला थांबवलं नाही.

बातमी अशी की ह्या वर्षीच्या लिस्टवर तिचं नाव आलं. सप्टेंबरपासून ती कमोडोर. मी कोणाला सांगू नकोस म्हटलं तरी पटेलबाईंना तू सांगशीलच. वरचा हुद्दा म्हणजे जमिनीवरचं ऑफिस. पुन्हा जहाज मिळणार नाही. ते कळल्यावर मी तिला विचारलं की दुःख होतं का. ती म्हणाली, हो.

इथली एक रीत आहे. जाणाऱ्या कॅप्टनला त्याचे ऑफिसर्स वल्ह्यांच्या बोटीत बसवून स्वतः वल्हवत किनाऱ्याला नेतात. दुपारी एक वाजता ती बोट खाली सोडली. वल्ह्यांवर हॅमंड आणि आणखी पाच जण बसले. सुकाणूवरची जागा रिकामी होती. मग धक्क्यावरून एक बाई येऊन तिथे बसली, नेव्हीच्या युनिफॉर्ममध्ये, उजव्या पायाला काळी धातूची नळी. ग्वेन प्रायस. आसावरीला हे कुणीच सांगितलं नव्हतं. ती शिडीच्या टोकाशी थांबली. ग्वेननं वर बघितलं आणि मोठ्यानं ओरडून सांगितलं की मॅम, भरती थांबणार नाही, उतरा. एकशे नव्वद माणसं हसली. तुझी भाची डोळे पुसत उतरली.

ह्या जानेवारीत ग्वेननं स्वतःच तिला बोलावलं होतं, हे मला नंतर कळलं. पहिला तासभर तिला चांगलं सुनावलं, आणि मग चहा दिला. ग्वेननं नेव्ही सोडली नाही. आता इथल्या शाळेत नव्या लोकांना बोट चालवायला शिकवते.

नंतर मी तिला गाठलं. माझ्यासारख्या म्हाताऱ्यानं विचारू नये ते विचारलं, की तुम्ही माझ्या मुलीला माफ केलंत का. ती थोडा वेळ पायाची नळी चाचपत राहिली. मग म्हणाली की माफ वगैरे मला जमत नाही. हवा दमट असली की पाय ठणकतो आणि मी तिला मनातल्या मनात शिव्या घालते. पण त्या दिवशी तिनं मला विचारलं होतं, जमेल का, आणि माझं उत्तर खरं धरलं. एवढा भरवसा माझ्यावर आधी कुणी टाकला नव्हता. तिला घेऊन जाणाऱ्या बोटीच्या सुकाणूवर दुसरं कुणी बसलेलं मला चाललं नसतं.

हे मी आसावरीला सांगितलं नाही. तू सांग. तुझं ती ऐकते, आणि तू सांगितलंस की ते मराठीत असेल.

बाकी क्षेम. लीड्सला जाताना दोन दिवस तुझ्याकडे उतरतो आहे, आसावरीही येते आहे. काकडी चोचवायला मला बसवा.

तुझा,
माधव